याशीन, लेव्ह इव्हानोव्हिच

(२२ ऑक्टोबर १९२९–२० मार्च १९९०). विख्यात सोव्हिएट फुटबॉलपटू व आधुनिक गोलरक्षणतंत्राचा एक प्रमुख प्रवर्तक. जन्म मॉस्को येथे एका कामगार कुटुंबात. मॉस्कोच्या डायनॅमो या एकाच संघाकडून तो सु. वीस वर्षे खेळला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील सुवर्णपदक आणि १९६० ची पहिली यूरोपीय राष्ट्रचषक स्पर्धा जिंकणाऱ्या सोव्हिएट संघांचा तो गोलरक्षक होता. चार विश्वचषक स्पर्धांसाठी त्याची निवड झाली. १९६३ साली यूरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूला देण्यात येणारा ‘बालाँ द’ऑर’ (सुवर्णचेंडू) हा पुरस्कार त्यास मिळाला. १९५६ पासून दिल्या जात असलेल्या पुरुषांच्या या पुरस्काराचा मान त्याच्याव्यतिरिक्त अन्य कोणत्याही गोलरक्षकास लाभलेला नाही. त्याच्या कारकीर्दीचे महत्त्व केवळ या विजयांत नाही. गोलखांबांच्या मध्ये उभे राहून चेंडूची वाट पाहणारा अखेरचा रक्षक, ही गोलरक्षकाची रूढ कल्पना त्याने बदलली. गोलरक्षकाच्या शेकडो यशस्वी बचावांपेक्षा त्याची एखादी चूकच अधिक काळ लक्षात ठेवली जाते, या त्या जागेच्या कठोर न्यायाचा अनुभवही त्याने १९६२ साली घेतला आणि पुढील एका वर्षात त्यावर मात केली.

पूर्वायुष्य : याशीनचे वडील मॉस्कोतील कारखान्यात कामगार होते. लहानपणीच त्याला मातृवियोग झाला. मॉस्कोच्या पूर्वेकडील कामगारवस्तीच्या अंगणांतून, उन्हाळ्यात फुटबॉल व हिवाळ्यात बर्फावरील हॉकी, असे त्याचे खेळाचे प्रारंभिक शिक्षण झाले. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएट संघराज्यावर आक्रमण केल्यानंतर युद्धोपयोगी कारखाने पूर्वेकडे हलविण्यात आले. त्याबरोबर याशीनचे कुटुंबही व्होल्गाकाठच्या उल्यानफ्स्कच्या परिसरात गेले. शाळा अर्धवट सोडून तो वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास कारखान्यात फिटरचे काम शिकू लागला. युद्धाच्या अखेरच्या काळात मॉस्कोस परतल्यावरही हे काम चालू राहिले. पहाटेपासून यंत्रावर काम आणि सायंकाळी कारखान्याच्या संघातून फुटबॉल, असा त्याचा दिनक्रम असे. उंचीमुळे त्याला गोलात उभे करण्यात आले. अठराव्या वर्षी मात्र अतिश्रमामुळे त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. त्याने कारखाना सोडला आणि तो लष्करी सेवेत दाखल झाला. तेथे खेळत असताना डायनॅमोचा प्रशिक्षक अर्काडी चेर्निशॉफ याच्या नजरेस तो पडला आणि त्याने याशीनला डायनॅमोच्या युवक संघात घेतले.

डायनॅमोतील उमेदवारी : डायनॅमो हा त्या काळी सोव्हिएट संघराज्यातील अग्रगण्य संघांपैकी एक होता. १९४५ च्या अखेरीस त्याने ब्रिटनचा दौरा करून चेल्सी, कार्डिफ, आर्सेनल व रेंजर्स या संघांविरुद्धचे चारही सामने अपराजित राहून खेळले होते. या दौऱ्यात ‘वाघ’ म्हणून नावाजलेला अलेक्सी खोमिच हा डायनॅमोचा पहिला गोलरक्षक होता. त्यामुळे याशीनला संघात सहजासहजी जागा मिळणे शक्य नव्हते. त्यातच त्याचे पदार्पण अपयशाचे ठरले. १९५० च्या वसंत ऋतूतील एका सरावाच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाने दूरवर मारलेला चेंडू अडविण्यासाठी तो पुढे धावला, आपल्याच संघातील खेळाडूवर आदळला आणि चेंडू गोलात गेला. त्याच वर्षी मुख्य स्पर्धेतील मोजक्या संधींतही त्याच्या हातून अशाच चुका झाल्या. परिणामी पुढील जवळजवळ तीन वर्षे त्यास राखीव संघातच काढावी लागली.

या काळात तो डायनॅमोच्या हॉकी संघाचाही गोलरक्षक होता. १९५३ साली बर्फावरील हॉकीचा सोव्हिएट चषक जिंकणाऱ्या संघात त्याचा समावेश होता. या खेळात राष्ट्रीय संघापर्यंत जाण्याची शक्यता असतानाच फुटबॉल संघातील जागा मोकळी झाली आणि त्याने फुटबॉलची निवड केली. हॉकीतील लहान आकाराची, अतिवेगाने सरकणारी चकती अडविण्याच्या सरावाचा त्याला फुटबॉलमध्ये उपयोग झाला. चेंडू गोलाकडे येण्यापूर्वीच आक्रमकाजवळ जाऊन त्याच्यापुढील गोलाची जागा कमी करणे, हे हॉकीच्या गोलरक्षणाचे तत्त्व त्याच्या पुढील खेळात ठळकपणे दिसते.

१९५३ पासून तो डायनॅमोचा नियमित गोलरक्षक झाला. त्यानंतर १९५४, १९५५, १९५७, १९५९ व १९६३ अशी पाच वर्षे डायनॅमोने सोव्हिएट संघराज्याचे विजेतेपद मिळविले. १९५३, १९६७ व १९७० मध्ये सोव्हिएट चषकही जिंकला. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत याशीन डायनॅमोकडून एकूण ३२६ सामने खेळला. या यशाच्या पहिल्या टप्प्यात मिखाईल याकूशिन हा संघाचा प्रशिक्षक होता. गोल सोडून पुढे येण्याच्या याशीनच्या सवयीवर प्रेक्षक व टीकाकार आक्षेप घेत असताना याकूशिनने त्याला त्यापासून परावृत्त केले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

गोलरक्षकाची जागा व याशीनचे तंत्र : फुटबॉलचा गोल ७·३२ मी. रुंद व २·४४ मी. उंच असतो. सु. १८ चौ. मी.च्या या जागेचे एकट्याने रक्षण करण्याचे काम गोलरक्षकाकडे असते. १९१२ पूर्वी त्यास आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळता येत असे. त्या वर्षी ही मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती, म्हणजे गोलरेषेपासून १६·५ मी. अंतरापर्यंत, मर्यादित करण्यात आली. तथापि बहुसंख्य गोलरक्षक या क्षेत्राचाही पुरता उपयोग करीत नसत. गोलरेषेवर राहून आलेला चेंडू उडी मारून अडविणे व तो जमेल तितक्या दूर मारणे, एवढेच त्यांचे काम समजले जाई. उंच झेपांमुळे हा खेळ प्रेक्षणीय वाटत असे. परंतु त्यात पुढाकार नेहमी आक्रमकाकडे राही.

१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यानंतर बचावाची नवी रचना रूढ झाली आणि तीत मध्य हाफबॅक मागे येऊन तिसरा बॅक बनला. पुढे संघ जसजसे वर सरकून खेळू लागले, तसतशी बॅक खेळाडूंच्या पाठीमागे मोठी मोकळी जागा राहू लागली. ही जागा कोणी सांभाळावयाची, हा प्रश्न १९५० च्या दशकात तीव्र झाला. हंगेरीचा गोलरक्षक ड्यूला ग्रोशिच पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन पायाने चेंडू परतवीत असे. याशीनने हीच दिशा स्वीकारली आणि तिला पद्धतशीर रूप दिले.

त्याच्या तंत्रात मुख्यतः चार गोष्टी दिसून येतात. पहिली, पेनल्टी क्षेत्रावरील ताबा. बगलेकडून येणारे उंच चेंडू तो गर्दीत शिरून पकडी. पकडणे धोक्याचे वाटल्यास मुठीने दूर ठोसून देई; चेंडू निसटण्यापेक्षा तो दूर गेलेला बरा, असा त्यामागील हिशेब होता. दुसरी, पेनल्टी क्षेत्राबाहेर येण्याची तयारी. तेथे हात वापरता येत नसल्याने तो पायाने व प्रसंगी डोक्यानेही चेंडू मारी. डोक्यावरील टोपी काढून चेंडू डोक्याने परतविल्याचे त्याचे प्रसंग प्रेक्षकांच्या कायमचे लक्षात राहिले. तिसरी गोष्ट म्हणजे सहकाऱ्यांना सतत सूचना देणे. समोरचे सर्व मैदान दिसणारा गोलरक्षक हा संघातील एकमेव खेळाडू असतो, तेव्हा बचावाची मांडणी करणे हे त्याचेच काम होय, असे तो मानी. चौथी गोष्ट म्हणजे चेंडू हाती येताच तो मोकळ्या सहकाऱ्याकडे हाताने वेगाने फेकणे. आंधळेपणाने दूर मारलेल्या चेंडूवर दोन्ही संघांचा सारखाच हक्क राहतो. हाताने अचूक फेकलेला चेंडू मात्र आपल्याच संघाकडे राहतो व प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी प्रतिहल्ला सुरू होतो. अशा रीतीने गोलरक्षक हा बचावाचा शेवट न राहता चढाईचा प्रारंभ ठरला.

त्याची उंची सु. १८९ सेंमी. होती व हात लांब होते. तो नेहमी गडद रंगाचा गणवेश वापरी. दुरून काळ्या दिसणाऱ्या या पोशाखामुळे आणि सर्वत्र पोहोचणाऱ्या हातांमुळे परदेशी वृत्तपत्रांनी त्याला ‘काळा कोळी’ असे नाव दिले. काहींनी ‘काळा चित्ता’ म्हटले. त्याने कारकीर्दीत दीडशेहून अधिक पेनल्टी अडविल्या, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा व आंतरराष्ट्रीय सामने मिळून तो सु. ४०० सामने खेळला, हे लक्षात घेता हा आकडा केवळ अधिकृत सामन्यांचा असणे संभवत नाही. त्याची थोरवी सिद्ध करण्यास अशा आकड्याची आवश्यकताही नाही.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द (१९५४–६०) : सप्टेंबर १९५४ मध्ये मॉस्को येथे स्वीडनविरुद्धच्या सामन्यात याशीनने राष्ट्रीय संघात पदार्पण केले. तो सामना सोव्हिएट संघाने ७–० असा जिंकला. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये तत्कालीन विश्वविजेत्या प. जर्मनीला मॉस्कोत ३–२ असे हरविणाऱ्या संघातही तो होता. महायुद्धानंतर अवघ्या दहा वर्षांनी झालेल्या या सामन्यास खेळाहून अधिक अर्थ होता.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएट संघाने उपांत्य सामन्यात बल्गेरियाला जादा वेळेत २–१ असे हरविले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात यूगोस्लाव्हियाने भारतावर ४–१ अशी मात केली. भारताचा एकमेव गोल मूळचा गोव्याचा व मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा याने केला होता. ८ डिसेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात याच यूगोस्लाव्ह आघाडीला याशीनने एकही गोल करू दिला नाही. सामना १–० असा जिंकून सोव्हिएट संघाने फुटबॉलमधील आपले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. भारतास या स्पर्धेत चौथे स्थान मिळाले.

१९५८ साली स्वीडनमध्ये सोव्हिएट संघ प्रथमच विश्वचषक स्पर्धेत उतरला. इंग्लंडशी २–२ अशी बरोबरी, ऑस्ट्रियावर २–० असा विजय आणि ब्राझीलकडून ०–२ असा पराभव, अशी त्याची प्राथमिक गटातील कामगिरी होती. ऑस्ट्रियाविरुद्ध याशीनने पेनल्टी अडविली. ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात पेले व गारिंशा यांनी विश्वचषकात पदार्पण केले. त्या सामन्यात दोनच गोल झाले, याचे श्रेय पुष्कळ अंशी याशीनच्या खेळाला देण्यात येते. इंग्लंडला फेरसामन्यात १–० असे हरवून सोव्हिएट संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे यजमान स्वीडनने त्याचा २–० असा पराभव केला.

यूरोपीय राष्ट्रचषक स्पर्धेची पहिली अंतिम फेरी जुलै १९६० मध्ये फ्रान्समध्ये झाली. मार्से येथील उपांत्य सामन्यात सोव्हिएट संघाने चेकोस्लोव्हाकियाला ३–० असे हरविले. १० जुलै रोजी पॅरिसमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात यूगोस्लाव्हियाने प्रथम गोल करून सामन्यावर पकड मिळविली होती. याशीनने त्यांच्या जोरदार फ्री किक व लागोपाठचे हल्ले परतविले. मेत्रेव्हेलीच्या गोलाने बरोबरी झाली आणि जादा वेळेत पोनेडेल्निकने विजयी गोल केला. हा चषक म्हणजे सोव्हिएट फुटबॉलच्या इतिहासातील यूरोपीय राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेतील एकमेव अजिंक्यपद होय.

चिलीमधील पराभव (१९६२) : १९६२ ची विश्वचषक स्पर्धा दक्षिण अमेरिकेत चिली येथे झाली. यूरोपविजेता म्हणून सोव्हिएट संघाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. उत्तरेकडील आरिका या गावी त्याने यूगोस्लाव्हियाला २–० असे हरवून प्रारंभ केला. ३ जूनच्या दुसऱ्या सामन्यात कोलंबियाविरुद्ध तो ४–१ असा आघाडीवर असताना मार्कोस कोल याने मारलेली कॉर्नर किक अन्य कोणाचाही स्पर्श न होता थेट गोलात गेली. पुरुषांच्या विश्वचषक स्पर्धांत असा थेट गोल त्यानंतर पुन्हा झालेला नाही. जवळच्या खांबापाशी असलेला बचावपटू व याशीन या दोघांनीही चेंडू दुसऱ्याचा समजून सोडला होता. या गोलाने सामन्याचे पारडे फिरले आणि अखेर ४–४ अशी बरोबरी झाली. उरुग्वायवर २–१ असा विजय मिळवून सोव्हिएट संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला. परंतु १० जून रोजी यजमान चिलीने त्यास २–१ असे हरविले. लिओनेल सांचेसची फ्री किक व एलाडिओ रोहासने दुरून मारलेला फटका याशीनला अडविता आले नाहीत.

या पराभवाचे सर्व खापर याशीनच्या माथी फुटले. त्या वेळी चिलीहून यूरोपात प्रत्यक्ष दूरचित्रवाणी प्रक्षेपण होण्याची सोय नव्हती. अटलांटिकपार असे प्रक्षेपण करणारा ‘टेलस्टार’ हा उपग्रह स्पर्धा संपल्यानंतर, म्हणजे जुलै १९६२ मध्ये, अवकाशात सोडण्यात आला. त्यामुळे सोव्हिएट जनतेला सामना प्रत्यक्ष पाहता आला नाही. वृत्तपत्रांतील त्रोटक वार्तांवरून, गोलरक्षकामुळे संघ हरला एवढेच तिच्यापर्यंत पोहोचले. आघाडीच्या खेळाडूंनी वाया घालविलेल्या संधी अशा वार्तांत सहसा येत नाहीत. झालेले गोल मात्र येतातच. परदेशी वृत्तपत्रांतही याशीनचा काळ संपल्याचे लिहिले गेले. मॉस्कोच्या क्रीडागारात त्याचे नाव पुकारले जाताच प्रेक्षक शिट्ट्या वाजवून निषेध करू लागले. त्याच्या घराच्या खिडक्यांवर दगड पडल्याचेही सांगितले जाते. त्या वेळी तो ३२ वर्षांचा होता आणि निवृत्तीचा विचार गंभीरपणे करू लागला होता.

तो काही काळ मैदानापासून दूर राहिला. मासेमारी हा त्याचा आवडता विरंगुळा असून शहराबाहेरील या एकांताचा त्यास उपयोग झाला. डायनॅमोने त्याच्यावर घाई केली नाही; प्रथम सरावात, नंतर मॉस्कोबाहेरील सामन्यांत व मग मॉस्कोच्या प्रेक्षकांपुढे, असे त्याला क्रमाक्रमाने परत आणण्यात आले.

पुनरागमन (१९६३) : १९६३ हे याशीनच्या कारकीर्दीतील सर्वोच्च यशाचे वर्ष होय. त्या वर्षी डायनॅमोने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. याशीन स्पर्धेतील २७ सामने खेळला आणि त्यांत त्याच्यावर केवळ ६ गोल झाले. २३ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली क्रीडागारात इंग्लंड विरुद्ध शेष विश्व असा सामना झाला. आल्फ्रेडो दी स्तेफानो, पुश्काश, यूसेबिओ, डेनिस लॉ इ. नामवंतांच्या या संघात पूर्वार्धासाठी गोलरक्षक म्हणून याशीनची निवड झाली होती. जिमी ग्रीव्ह्‌ज प्रभृती इंग्लिश आक्रमकांचे फटके त्याने एकामागून एक परतविले आणि पूर्वार्धात इंग्लंडला गोल करता आला नाही. उत्तरार्धात तो खेळला नाही व इंग्लंडने सामना २–१ असा जिंकला. हा सामना दूरचित्रवाणीवरून अनेक देशांत दाखविण्यात आला. चिलीमध्ये जे लोकांना पाहता आले नव्हते, त्याचे उत्तर जणू सर्वांसमक्ष मिळाले.

त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १० नोव्हेंबर रोजी, रोममध्ये यूरोपीय राष्ट्रचषकाच्या परतीच्या सामन्यात इटलीच्या सांद्रो मात्सोलाची पेनल्टी त्याने अडविली. सामना १–१ असा बरोबरीत राहिला आणि मॉस्कोतील २–० विजयाच्या जोरावर सोव्हिएट संघ पुढील फेरीत गेला. वर्षाच्या अखेरीस यूरोपीय क्रीडापत्रकारांनी ‘बालाँ द’ऑर’साठी त्याची निवड केली. मिलानचा जान्नी रिव्हेरा दुसरा, तर ग्रीव्ह्‌ज तिसरा आला. पुढील काळात दीनो झॉफ (१९७३) व जानलुइजी बूफॉन (२००६) हे इटालियन गोलरक्षक या पुरस्काराच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. ओलिव्हर कान व मान्युएल नॉयर हे जर्मन गोलरक्षक तिसऱ्या स्थानापर्यंत आले. पहिले स्थान मात्र कोणासही मिळाले नाही. गोल करणाऱ्याच्या तुलनेत गोल अडविणाऱ्याच्या कामाचे मोल कमी लेखण्याची प्रवृत्ती यातून स्पष्ट होते.

उत्तर कारकीर्द : १९६४ च्या यूरोपीय राष्ट्रचषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिद येथे स्पेनने सोव्हिएट संघाला २–१ असे हरविले. १९६६ ची इंग्लंडमधील विश्वचषक स्पर्धा सुरू झाली तेव्हा याशीन ३६ वर्षांचा होता. निवडक सामन्यांतच त्याला खेळविण्यात आले. इटलीवरील १–० विजयात व सँडरलंड येथे हंगेरीवर मिळविलेल्या २–१ विजयात त्याचा मोठा वाटा होता. लिव्हरपूल येथील उपांत्य सामन्यात प. जर्मनीकडून सोव्हिएट संघ १–२ असा हरला. एक खेळाडू जायबंदी झाल्यामुळे व दुसऱ्यास बाहेर काढल्यामुळे संघाची शक्ती घटली असताना याशीनने पराभवाचे अंतर वाढू दिले नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पोर्तुगालने २–१ असा विजय मिळविला. त्यातील पहिला गोल यूसेबिओने पेनल्टीवर केला. चौथे स्थान ही विश्वचषकातील सोव्हिएट संघाची सर्वोत्तम कामगिरी ठरली. १९६७ पर्यंत याशीन राष्ट्रीय संघाकडून ७४ सामने खेळला. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धेस तो राखीव गोलरक्षक म्हणून गेला होता. परंतु त्यास खेळविण्यात आले नाही.

२७ मे १९७१ रोजी मॉस्कोच्या लेनिन क्रीडागारात त्याच्या सन्मानार्थ निरोपाचा सामना झाला. बॉबी चार्ल्टन, गेर्ट म्यूलर, फाकेत्ती इ. विदेशी खेळाडूंच्या संघाविरुद्ध तो सु. १ लाख प्रेक्षकांसमोर खेळला. उत्तरार्धाच्या प्रारंभी त्याने आपले हातमोजे व्लादीमिर पिल्गुई या तरुण गोलरक्षकाच्या हवाली करून मैदान सोडले. नऊ वर्षांपूर्वी ज्या नगरीत त्याच्यावर शिट्ट्यांचा वर्षाव झाला होता, तिनेच त्याला हा निरोप दिला.

हौशी व व्यावसायिक यांतील भेद : सोव्हिएट व्यवस्थेत व्यावसायिक खेळ ही संकल्पना अधिकृतपणे मान्य नव्हती. खेळाडू हे कारखाने, लष्कर वा शासकीय खाती यांच्याशी संलग्न असलेल्या क्रीडासंस्थांचे सदस्य असत. डायनॅमो ही संस्था अंतर्गत सुरक्षाखात्याशी निगडित होती. म्हणूनच याशीनसारख्या खेळाडूला हौशी खेळाडू म्हणून ऑलिंपिकमध्ये भाग घेता आला. प्रत्यक्षात मात्र वर्षभर प्रशिक्षण शिबिरे, दौरे व सामने हेच त्याचे काम होते आणि त्याचे कौशल्य कोणत्याही पश्चिम यूरोपीय व्यावसायिक गोलरक्षकाच्या तोडीचे होते. फरक मोबदल्यात व स्वातंत्र्यात होता. परदेशी संघाशी करार करण्याचा मार्ग त्यास खुला नव्हता आणि जागतिक कीर्ती लाभूनही त्याचे राहणीमान सामान्य मॉस्कोवासीयापेक्षा फारसे वेगळे नव्हते. त्याची एकसंघनिष्ठा वाखाणताना ही परिस्थितीही लक्षात घ्यावी लागते. तथापि निवृत्तीनंतरही तो डायनॅमोपासून दूर गेला नाही, यावरून ही निष्ठा निव्वळ सक्तीची नव्हती, असे म्हणता येईल.

अखेरचा काळ व सन्मान : निवृत्तीनंतर याशीनने काही वर्षे डायनॅमो संघाचा व्यवस्थापक म्हणून काम केले. १९७२ मध्ये हा संघ बार्सेलोना येथे यूरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. मात्र ग्लासगोच्या रेंजर्सने त्याचा ३–२ असा पराभव केला. पुढे याशीन क्रीडाखात्यात व फुटबॉल संघटनेत विविध पदांवर होता. दीर्घकाळच्या धूम्रपानामुळे त्याच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम झाला. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे १९८४ मध्ये त्याचा एक पाय कापावा लागला. त्यानंतरही कृत्रिम पायाच्या व काठीच्या आधाराने तो सामन्यांना उपस्थित राहत असे. पोटाच्या कर्करोगाने मॉस्को येथे त्याचे निधन झाले.

‘ऑर्डर ऑफ लेनिन’ (१९६७) व मृत्यूपूर्वी काही दिवस मिळालेला ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब (१९९०) हे त्याला मिळालेले प्रमुख शासकीय सन्मान होत. जागतिक फुटबॉल महासंघाने १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेपासून सर्वोत्कृष्ट गोलरक्षकासाठी याशीनच्या नावे पुरस्कार ठेवला. त्याचा पहिला मानकरी बेल्जियमचा मिशेल प्रूदॉम हा होता. २००६ पर्यंत तो याच नावाने देण्यात आला. ‘बालाँ द’ऑर’ देणाऱ्या फ्रेंच नियतकालिकानेही २०१९ पासून वर्षातील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकासाठी ‘याशीन करंडक’ सुरू केला. २०१८ च्या रशियातील विश्वचषक स्पर्धेच्या अधिकृत भित्तिपत्रकावर चेंडूकडे झेपावणारा याशीन चित्रित करण्यात आला होता. त्या निमित्ताने काढलेल्या शंभर रूबलच्या नोटेवरही त्याचे चित्र होते. मॉस्कोत त्याचे पुतळे उभारण्यात आले असून डायनॅमोच्या नव्या क्रीडागारास त्याचे नाव देण्यात आले आहे.

मूल्यमापन : स्पेनचा रिकार्डो सामोरा, चेकोस्लोव्हाकियाचा फ्रांटिशेक प्लानिच्का, इंग्लंडचा गॉर्डन बँक्स व इटलीचा झॉफ या श्रेष्ठ गोलरक्षकांच्या मालिकेत याशीनची गणना केली जाते. चपळाई वा धैर्य या गुणांत यांपैकी कोणी त्याच्या बरोबरीचा असेलही. परंतु गोलरक्षकाच्या कार्याची व्याप्ती वाढविण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू हाताने पकडण्यास गोलरक्षकाला बंदी करण्यात आली. तेव्हापासून पायाने खेळणे, पेनल्टी क्षेत्राबाहेर येणे व चढाईची सुरुवात करून देणे ही गोलरक्षकाची नित्याची कर्तव्ये झाली आहेत. ज्या सवयींसाठी तरुण याशीनला हसण्यात आले, त्याच आज गोलरक्षकाला प्रथम शिकविल्या जातात. पुढे येऊन खेळण्यात चुकीचा धोका अधिक असतो आणि ती चूक सर्वांना दिसते, हे १९५० व १९६२ या दोन्ही वर्षी त्याने अनुभवले होते; तरीही तो गोलरेषेवर परतला नाही. याशीनने फुटबॉलला दिलेला वारसा याच निर्णयात सामावलेला आहे.